आपला आंग

"मामा, हा ओंग कोण?"

भाचीचा पॉपकॉर्नचा हात हवेतच थांबला. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या कार्टून मालिकेचे ६१ भाग दोनदा पाहिलेली पोरगी ती. काल मोठ्या हौसेनं तिला त्यावरचा २०१० चा सिनेमा लावून दिला आणि तोंडघशी पडलो. मालिकेचा नायक आंग इथं ओंग. आशियाई उच्चार म्हणे!

पहिल्या पर्वाचे २० भाग पावणेदोन तासांत कोंबलेत, तेही चालवून घेतलं असतं. पण पेंग्विनच्या पाठीवर बसून घसरगुंडी खेळणारं ते बारा वर्षांचं पोर इथं धड हसतसुद्धा नाही. 'कोरा' या पुढच्या मालिकेत त्याचा समुद्रातला एक पुतळा आहे. तोही याच्यापेक्षा जिवंत वाटतो, खरंच.

शेवटी भाचीनंच रिमोट घेतला.

"मामा, आपला लावू?"