माळ्यावरचा पीएस-टू

आज माळा आवरताना जुना पीएस-टू (प्लेस्टेशन २, टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा) सापडला, चालेल असं वाटलंच नव्हतं पण डिस्कवर दोनदा फुंकर मारली (उपयोग काय ते विचारू नका, सवय) आणि बर्नआउट ३ टेकडाउन चक्क सुरू! २००४ चा गाड्यांच्या रेसचा गेम हो, इंग्लंडच्या क्रायटेरियन कंपनीचा. भाचा लगेच, मामा पहिला नंबर काढायचा ना? म्हटलं थांब रे, आधी क्रॅश मोड बघ. भर चौकात गाडी घुसवायची, बसवर आदळायची, मग एकावर एक गाड्या, नुकसानाचा आकडा डॉलरमध्ये वर वर, आणि पुरेशा गाड्या ठोकल्या की क्रॅशब्रेकर, म्हणजे आपलीच गाडी बॉम्बसारखी उडवायची. रेसमध्ये तर अजून भारी, ठोकर बसली तरी बटण दाबून सगळं स्लो करायचं आणि आपला भंगार झालेला सांगाडा वळवून मागून येणाऱ्याच्या अंगावर घालायचा. आफ्टरटच म्हणतात त्याला, आणि दुसऱ्याला असं ठोकून बाद केलं की टेकडाउन. हरता हरता सूड, असलं सुख दुसऱ्या कुठल्या रेसिंग गेमने मला दिलं नाही!!

संध्याकाळी दूध आणायला निघालो, एक रिक्षा स्कूटरच्या आरशाला नुसती घासून गेली तर माझं डोकं फिरलं, आणि मागे बसलेला भाचा ओरडतोय, मामा टेकडाउन!