जर्मनच्या तासाला मागचा बाक

ठाण्यात एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावी-बारावीला जर्मन शिकवते असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "हां, म्हणजे स्कोरिंग सब्जेक्ट ना?" खरंय ते. पोरं काही जर्मनीच्या प्रेमात पडून येत नाहीत, मार्क चांगले पडतात असं कुठल्यातरी ताई-दादाने सांगितलेलं असतं म्हणून येतात. मराठीच्या मॅडम तर मला 'आमची पोरं पळवणारी' म्हणतात, अर्धं गमतीत, अर्धं मनापासून.

मला मात्र ह्यात मजा येते ती मागच्या बाकामुळे. अकरावीत घोडबंदरच्या कॉम्प्लेक्समधली इंग्लिश मीडियमची पोरं असतात आणि कळवा, दिवा, लोकमान्यनगरमधून आलेली मराठी मीडियमची पण असतात, आणि ही दुसरी पोरं दहावीपर्यंत वर्गात धमाल करणारी, इथे आल्यावर सगळी लेक्चर्स इंग्लिशमध्ये म्हणून एकदम गप्प होतात आणि मागच्या बाकावर जाऊन बसतात. जर्मनच्या तासाला सगळ्यांचीच पाटी कोरी, तिथे फाडफाड इंग्लिशचा काही रुबाब चालत नाही.

उलट गंमत होते. नामाच्या लिंगाप्रमाणे आधी लागणारे डेअर, डी, दास आले की इंग्लिशमध्ये विचार करणारे वैतागतात, निर्जीव वस्तूला कसलं लिंग! मागच्या बाकाला त्यात काहीच नवल नाही, तो फळा, ती खुर्ची, ते कपाट, लहानपणापासून हेच चाललंय. (कुठल्या शब्दाला कुठलं ते पाठच करावं लागतं, त्यातून कोणी सुटत नाही.) मग 'दास मेडशेन' आलं, म्हणजे मुलगी चक्क नपुंसकलिंगी, वर्ग हसायला लागला, तर कधी तोंड न उघडणारी एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी पण 'ता चेडू' म्हणते." मालवणी आजी जर्मन व्याकरणात कामाला येईल असं मला स्वतःला कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून ती पोरगी बोलायला लागली, आता तिला गप्प करावं लागतं.

आकडे तर विचारूच नका. एकवीस म्हणजे 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', आधी एक मग वीस, अगदी आपल्यासारखं. 2019 ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं तेव्हा आपल्याकडे केवढा गोंधळ झाला होता! जर्मनीत पण आकडे सरळ 'वीस-एक' असे म्हणायची मुभा द्या म्हणून मागणी करणारी एक संस्थाच आहे, हे सांगितलं तेव्हा वर्गात त्यावरून जोरदार भांडण झालं आणि अडतीस की अठ्ठेचाळीस ह्यात गडबडणारी इंग्लिश मीडियमची पोरं मागच्या बाकाकडून मराठी आकडे शिकून घ्यायला लागली. मराठीच्या मॅडमना हे मी मुद्दाम सांगितलं.

पण खरा कस लागतो 'वाइल', म्हणजे 'कारण', आल्यावर. कारण सांगायचं तर क्रियापद शेवटी न्यायचं, आणि हुशार हुशार पोरं ते हटकून मध्येच टाकतात. दिव्याचा एक मुलगा रोज उशिरा येतो, त्याला दारात अडवून जर्मनमध्ये कारण विचारलं, तर तो जरा थांबला आणि म्हणाला, "वाइल डेअर त्सूग फेअरश्पेटुंग हाट." ट्रेन लेट आहे. क्रियापद 'हाट' बरोबर शेवटी! कसं जमलं विचारलं तर म्हणे, "आधी मनात मराठीत बोललो ना." मग पुढच्या बाकावरचे त्याच्याकडे वह्या घेऊन जायला लागले. तो अजूनही उशिराच येतो, फक्त आता कारणं लांबलचक झालीत.

हे सगळं रिझल्टच्या कागदावर दिसत नाही आणि पालकसभेत विचारतात ते पण "नव्वदच्या वर जाईल ना?" एवढंच. विचारू देत.

पुढच्या आठवड्यात भूतकाळ चालू करायचाय, 'इश बिन गेगांगन' आणि 'इश हाबे गेगेसन'. गेलो आणि खाल्लं, एकाला 'बिन' आणि दुसऱ्याला 'हाबे'! 'मी गेलो' पण 'मी खाल्लं' असं आपण का म्हणतो हे आधी त्यांनाच विचारणार आहे, बघू मागचा बाक काय म्हणतो.