वंशावळ अपडेट ४ : पणजोबा १८९८ च्या प्लेगात गेलेच नव्हते

मंडळी, मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पणजोबांचं साल फायनल झालं, फसली (जुनं महसुली साल) १३०८ म्हणजे १८९८-९९, प्लेगचा काळ, आत्तीच्या गोष्टीशी बरोब्बर जुळतंय, विषय संपला. ते सगळं मागं घेतोय. तब्बल वीस वर्षांनी चुकलोय, आणि चूक कुणाची म्हणाल तर थोडी माझी अन् थोडी आत्तीच्या इस्त्रीची.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडं पणजोबांच्या जमिनीच्या वारसनोंदीची एक मोडीतली नक्कल आहे, गाव करवीर तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही कारण भावकी पण वाचते. ही नक्कल माळ्यावरनं काढून खालच्या ट्रंकेत ठेवलेली आणि २०१९ च्या पुरात ती ट्रंकच पाण्यात गेली, पाणी ओसरल्यावर आत्तीनं सगळे कागद दोरीवर वाळत घातले आणि मग नीट दिसावेत म्हणून वरनं इस्त्री फिरवली. हेतू चांगला होता, पण सालाच्या आकड्यावरचा एक टवका इस्त्रीला चिकटून गेला तो गेलाच. उरलं १, ३, मग खड्डा, मग ८. मला लहानपणापासून ऐकलेलं पाठ होतं की पणजोबा प्लेगात गेले, गाव माळावर झोपड्या घालून राहायला गेलेलं, तिथंच गेले. त्यामुळं त्या खड्ड्यात मला शून्यच दिसलं.

गेल्या शनिवारी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो होतो. १८५० साली सुरू झालेली लायब्ररी, तेव्हाचं नाव कोल्हापूर नेटिव्ह लायब्ररी. खरं तर मला १८८६ चं गॅझेटियर बघायचं होतं, मुंबई इलाख्याचा २४ वा खंड, पूर्ण कोल्हापूरवर आहे तो. तिथं एक काका असतात, मोडी चांगलं वाचतात, त्यांना सहज मोबाईलवर नकलेचा फोटो दाखवला आणि माझं लिप्यंतर पण दाखवलं, म्हटलं जरा तपासून द्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, आणि बराच वेळ एकाच ओळीवर थांबले.

"आजोबा कधीचे तुमचे?"

"शाळेच्या दाखल्यावर १ जून १९१२ आहे, पण ते काय खरं नसतं काका, गुरुजींनी सगळ्या वर्गाला १ जूनच लावलेला असायचा."

"ते राहू दे. मग १८९८ ला हे अज्ञान कुठनं आलं?"

आता इथं माझी अक्कल बघा. नकलेत "वारस मुलगा अज्ञान" असं आहे आणि पुढं आजोबांचं नाव. मी चार महिने समजत होतो की अज्ञान म्हणजे अडाणी, लिहितावाचता न येणारा, अंगठेबहाद्दर. नाव तेच असलं तरी हा कुणीतरी थोरला भाऊ असेल, तो लहानपणी वारला असेल आणि तेच नाव पुन्हा आजोबांना ठेवलं असेल, अशी एक आख्खी थिअरी पण रचलेली. काका हसले नाहीत हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "अडाणी नव्हं हो. सज्ञान नसलेला, म्हंजे पोरगं लहान आहे. सातबाऱ्यावर अजून अ.पा.क. लिहितात बघा, अज्ञान पालनकर्ता. हे बघा, पुढं चुलत्याचं नाव आहेच की."

होतं. मी ते नाव साक्षीदारात टाकलेलं. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी ओळभर शिरोरेषा मारायची आणि मग त्याला अक्षरं लोंबकळत जातात, त्यामुळं कुठं शब्द संपला अन् कुठं सुरू झाला हे आपण ठरवायचं, आणि मी ते माझ्या सोयीनं ठरवलं होतं.

मग आकडा परत बघितला. शून्य असतं तर गोल बंद झाला असता, इथं टवक्याच्या कडेला वरनं वळून खाली आलेली रेघ अर्धवट दिसते. दोन. फसली १३२८. दख्खनी फसली साल मृगाला बदलतं, त्यात ५९० मिळवायचे (जानेवारी ते मेच्या नोंदीला ५९१), म्हणजे १९१८-१९. नकलेत मयत झाल्याची तिथी आश्विन वद्य आहे, काकांनी जुनी जंत्री काढून दिली, ऑक्टोबर १९१८ चा शेवटचा आठवडा आला. मुंबई इलाख्यात मानमोडीची, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ ज्या महिन्यांत सगळ्यात जोरात होती तेच हे महिने. हिंदुस्थानात त्या साथीत कोटीच्या वर माणसं गेली. कागदावर कारण लिहिलेलं नाही, त्यामुळं मानमोडीनंच गेले असं मी म्हणत नाही, पण १८९८-९९ च्या प्लेगात नाही एवढं नक्की.

सोमवारी गावच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघितलं. (एका सरकारी कार्यालयात याआधी तीन हेलपाटे घातलेत, "साहेब मीटिंगला" ऐकून आलोय, त्यामानानं शाळेत चहा मिळाला.) शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं अन् मोफत केलं, त्यामुळं आमच्यासारख्या घरातली पोरं पण रजिस्टरात सापडतात. आजोबांचं नाव १९१९ ला दाखल, वय सहा. पालकाच्या रकान्यात बापाचं नाव नाही, चुलत्याचं आहे. तोच चुलता, नकलेतला. मी उगाच त्या १ जूनला नावं ठेवत बसलो, गुरुजी तारखेत चुकतील, एखाद्या वर्षानं चुकतील, चौदा वर्षांनी कसे चुकतील?

तेव्हा तुमच्याकडं अशा नकला असतील तर आधी नावाच्या आगंमागंचे शब्द बघा, मयत, अज्ञान, बिन (म्हणजे अमक्याचा मुलगा), चतुःसीमा, आकडा सगळ्यात शेवटी. आणि फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, उजेड तिरका पाडा, टवक्याच्या कडा तेव्हाच दिसतात.

संध्याकाळी आत्तीला सगळं सांगितलं. ती ब्याऐंशीची आहे, भाकरी थापत होती, हात थांबला नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते तुझ्या कागदाचं असंल खरं. पण माझी आज्जी माळावरच्या झोपडीचं सांगताना रडायची रे, ते मी डोळ्यानं बघितलंय. मग प्लेगात कोण गेलं?"

याचं उत्तर माझ्याकडं नाही. पणजीचा कुणी भाऊ, की खापरपणजोबाच, की एखादं पोर जे कुठल्याच कागदावर नाही. गावातला चुलता म्हणतोय सुगी झाली की घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी येतात नंदी घेऊन, त्यांच्या वहीत आमच्या घरातल्या मेलेल्या पोरांची पण नावं असतात म्हणे. त्यांच्यासाठी पायलीभर जोंधळं बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.