फुल तिकीट

'वयात येणं' हा शब्दप्रयोग आपण मुलींसाठीच राखून ठेवलाय, तोही आवाज खाली आणून. पूर्वी हे असं दबक्या आवाजात नव्हतं. न्हाण आलं की मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे. (तिला त्या मखरात काय वाटत असेल, हे कुणी विचारलं नसणार.) मुलांचं काय? त्यांना मिसरूड फुटतं, आवाज फुटतो, शिंगं फुटतात. सगळं फुटतं, पण वयात म्हणून कुणी येत नाही.

कायद्याचं गणित सरळ. १८ पूर्ण होईपर्यंत तुम्ही 'अज्ञान', दुसऱ्या दिवशी सकाळी 'सज्ञान'. मतदानाला मात्र १९८९ पर्यंत २१ लागत. म्हणजे तीन वर्षं नुसतंच सज्ञान राहायचं. सातबाऱ्याची गंमत आणखी वेगळी. अज्ञान मुलाच्या नावाला 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं नाव लागतं, आणि मुलगा मोठा झाला तरी ते आपणहून जात नाही. तलाठ्याकडे अर्ज द्यावा लागतो. आमचे एक काका नातवंडं झाली तरी कागदावर अज्ञानच होते. काकूला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "मग त्यात चुकीचं काय लिहिलंय?"

माझं वयात येणं ठरवलं ते एसटीच्या कंडक्टरनं. अर्धं तिकीट बारा वर्षांपर्यंत. मला तेरावं सरून चार महिने झाले होते. सांगली स्टँडवर तासगाव गाडीत चढताना आईनं बजावलं, "पोक काढून बस." कंडक्टर आल्यावर ती म्हणाली, "बारा व्हायचीत अजून. अंगानं थोराड आहे." तो माझ्याकडे वळला, "कितवीत रे?" मी तोंड उघडलं आणि 'आठवीत' हा शब्द निम्मा माझ्या आवाजात, निम्मा वडिलांच्या आवाजात बाहेर पडला. बस हसली. त्यानं पंच वाजवला, "फुल."

आई तासगावपर्यंत बोलली नाही. मी मात्र पोक सोडून ताठ बसलो होतो.

परवा तिला घेऊन पुन्हा त्याच रस्त्यानं निघालो. एसटीत पंच्याहत्तरीनंतर प्रवास फुकट. कंडक्टर अजून दोन बाकं लांब होता, तोच आईनं आधार कार्ड वर धरलं, "पंच्याहत्तर पूर्ण!" शून्य रुपयांचं तिकीट घडी घालून तिनं बटव्यात ठेवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं,

"याचं फुल बरं का."