चिखलदऱ्यात घर घ्यायचं म्हणता? आधी मे महिन्यात नळ उघडून बघा

नागपुरात पारा 45 च्या वर गेला की निवृत्त माणसाला चिखलदरा आठवतो. 1,118 मीटर उंची, विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण. आम्हालाही एका प्लॉटवाल्याने हेच ऐकवलं आणि वरून ‘पाणी बारमाही, रस्ता एकदम मख्खन’ असं ठोकून दिलं. दोन्ही खोटं.

घाटाच्या पायथ्याच्या परतवाड्यापर्यंत लिहिण्यासारखं काही नाही, अमरावतीला बस बदला, झालं. खरी परीक्षा पुढच्या तीसेक किलोमीटर घाटाची. कायमचं राहायला जाणार असाल तर हा घाट एकदा स्वतःची गाडी न नेता चढा, कारण सत्तरीत घाटात स्टेअरिंग कोण धरणार? एसटी चुकली की जीप, आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. भर उन्हात अड्ड्यावर ताटकळत ठेवून ड्रायव्हरने शेजारी बसलेल्या, चिखलदऱ्याजवळच्या मोथा गावच्या बाईकडून घेतलं त्याच्या तिप्पट भाडं आमच्याकडून घेतलं. म्हणे शनिवार आहे! सरळ लूट आहे ही. बसण्याआधी गावच्या माणसाला भाडं विचारा, सुटे पैसे हातात ठेवा आणि शनिवार-रविवार जाऊच नका. वळणावर पर्यटकांच्या गाड्या अडकल्या की तासन् तास पुढे सरकत नाही. रात्री छातीत कळ आली तर मोठ्या दवाखान्यासाठी हाच घाट उतरून परतवाडा-अचलपूर गाठायचं आहे, एवढं डोक्यात असू द्या.

आता पाणी. दाखवायला नेलेल्या घराचा नळ उघडला तर नुसती हवा फुसफुसली. परसात निळे ड्रम ओळीने मांडलेले, आणि घरची बाई गुंड मोजून सांगत होती: दोन स्वयंपाकाला, दोन भांड्यांना. पाऊस इथे धो धो पडतो, पण माथ्यावरचं पाणी दऱ्यांत धावून जातं. ऐन मेमध्ये तलाव खाली गेलेले असतात आणि नेमकी तेव्हाच गर्दी वर चढते. त्याच घराच्या भिंतीवर कमरेपर्यंत ओलीचा काळा पट्टा होता, लाकडी कपाट उघडताच बुरशीचा वास आला. म्हणजे पावसाळ्यातही सुख नाही.

जमिनीचं तर फारच जपून. चिखलदरा ज्यात येतो तो मेळघाट आदिवासी मुलूख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36 अ नुसार आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. ‘नोटरीवर करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. शेतजमीन असेल तर शेतकरी असल्याचा दाखलाही लागतो. सातबारा तलाठ्याकडे स्वतः जाऊन तपासा.

देवी पॉइंटवरची संध्याकाळ सुंदर, मोथ्याचा खवा अप्रतिम, लोक भले. पण साठी ओलांडलेल्यांनी कायमचं राहू नये, हे माझं ठाम मत. मे-जून भाड्याने राहा. तरीही घ्यायचंच असेल तर जुलैच्या धुक्यात आठवडाभर राहून बघितल्याशिवाय कुणाच्या हातात इसार ठेवू नका.