रोहूच्या अंगावरच्या श्लेष्मातली प्रतिपिंडं : माझा अनुभव

एम.एफ.एस्सी.च्या (मत्स्यशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी मी इथेच नागपुरात रोहूच्या बोटुकलीवर (बोटाएवढ्या पिल्लांवर) काम केलं. एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू फॉर्मेलिनने मारून त्याची लस करायची, बोटुकली लस मिसळलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून काढायची आणि प्रतिपिंडं (रोगजंतूंना ओळखून चिकटणारी प्रथिनं) तयार होतात का ते पाहायचं, असं ठरलं होतं. ज्यांच्या बोडीतून (छोट्या तळ्यातून) बीज आणलं, त्या भंडाऱ्याकडच्या भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लस देऊन मासा वाचन का, तेवढं सांगा मॅडम." आदल्या वर्षी त्यांचे मासे अंगावर लाल चट्टे पडून, पोट फुगून मेले होते.

पहिले काही आठवडे मी फक्त रक्त तपासत बसले. शेपटीजवळच्या शिरेतून रक्त काढायचं, सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) वेगळं करायचं, एलायझा (प्रतिपिंडं असली की रंग चढतो अशी चाचणी) लावायची. लस दिलेल्या आणि न दिलेल्या माशांत फरक जवळजवळ नव्हताच. लस फसली असं मी धरून चालले होते. मग गाइड मॅडमनी विचारलं, "लस आत शिरली कुठून?"

सुई तर टोचलीच नव्हती. लस कल्ल्यांतून, त्वचेतून, आतड्यातून गेली होती, आणि या तिन्ही ठिकाणी माशाची स्वतःची बी पेशींची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची) चौकी असते. माशाला लसिका ग्रंथी नसतात. प्रतिकारासाठी शीर्षवृक्क (मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग) आणि प्लीहा हे मुख्य अवयव. रक्तात आयजीएम या प्रकारचं प्रतिपिंड भरपूर, पण आपल्या आतड्यात आयजीए हे दुसरं प्रतिपिंड जे काम करतं ते माशात मुख्यतः आयजीटी करतं. ते 2005 मध्ये सापडलं, आणि आतड्यातलं त्याचं काम 2010 मध्ये रेनबो ट्राउटमध्ये दिसलं. म्हणजे मी चुकीच्या जागी शोधत होते; पाहायला हवं होतं ते अंगावरचं बुळबुळीत श्लेष्म.

श्लेष्म गोळा करणं फार नाजूक काम. लवंग तेलाच्या पाण्यात मासा निपचित झाला की थंड सलाइन घातलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा आणि बाहेरून बोटांनी हलकेच चोळायचं. पाण्यात पांढुरके तंतू सुटतात. जरा जोर लागला की खवले निघतात, पाणी गुलाबी होतं, आणि मग त्या नमुन्यात रक्तातलंच आयजीएम मोजलं जातं. असे नमुने मी सरळ टाकून दिले, जीव तुटला तरी.

एलायझाची पहिली प्लेट सगळीच पिवळी झाली, कंट्रोलचे (लस न दिलेल्या माशांचे) खळगेसुद्धा. श्लेष्म चिकट, शिवाय त्यातली विकरं (एन्झाइम) प्रतिपिंडांना खाऊन टाकतात. पुढच्या वेळी नमुने बर्फात ठेवले, प्रोटिएझ (प्रथिनं तोडणारी विकरं) रोखणारं रसायन घातलं, सेंट्रिफ्यूज करून वरचं स्वच्छ पाणीच घेतलं आणि एकूण प्रथिनं मोजून सगळे नमुने सारखे केले. डिसेंबरात टाक्या गारठल्या तेव्हा हीटर लावून पाणी 28 अंशांवर ठेवलं, कारण थंड पाण्यात माशाची प्रतिपिंडं बनायला फार उशीर होतो.

मग एका दुपारी लस दिलेल्या माशांचे खळगे आधी निळे आणि आम्ल घालताच गडद पिवळे झाले; शेजारची कंट्रोलची ओळ फिकीच राहिली. मी प्लेट खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा पाहिली. आमच्याकडे रोहूच्या आयजीएमला ओळखणारं अभिकर्मक होतं, आयजीटीचं नव्हतं. म्हणून प्रबंधात आयजीएमपुरतंच लिहिलं.

भाऊंना मी खरं तेच सांगितलं: अंगावर प्रतिपिंडं दिसली, पण मासा वाचेल हे सांगायला खऱ्या जिवाणूशी सामना घडवून पाहावा लागतो, तो मी केलेला नाही. मात्र बोटुकली कोरड्या हाताने धरू नका, गाठीच्या जाळ्याने खरवडू नका, नाहीतर हे श्लेष्मच निघून जातं, हे त्यांना आवर्जून बजावलं. ते मान हलवून म्हणाले, "आम्ही तं सुक्याच हातानं मोजतो."