फळा पुसायची पाळी

भाजी-पाव खाल्लेल्या बोटांचे ठसे वर्गातल्या टीव्हीच्या काळ्या पडद्यावर किती लख्ख दिसतात! हात धुतले का, असं विचारलं की सगळे एका सुरात "हो, टीचर" म्हणतात. ते धुतलेले हात मग पडद्यावर उमटतात.

परवा दुपारी दुसरीला पावसाचा व्हिडिओ लावला होता. तो संपला, पडदा काळा झाला, आणि पहिलीतली एक चिमुरडी उठून डस्टर घेऊन स्टुलावर चढली आणि टीव्ही पुसायला लागली. शिकवून झालं की पुसायचं, एवढा साधा हिशेब. खडूची भुकटी आणि भाजीचं तेल यांचं जे काही मिश्रण झालं ते सांगत नाही. मी ओरडणार तेवढ्यात खाली दोघं जण तिचा फ्रॉक ओढत भांडायला लागले, "म्हजी पाळी, टीचर! म्हजी!"

फळा पुसायला मिळणं ही आमच्या वर्गातली सगळ्यात मोठी बक्षिशी आहे. वहीत चांदणी दिली तर घरी विसरतात, पण डस्टर हातात दिला की पोर दिवसभर शहाण्यासारखं वागतं. टीव्हीने हे बक्षीस काढून घेतलं, असं आपलं माझं मत. त्याच्यावर पुसण्यासारखं काही उरतच नाही.

आमची शाळा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. पहिली ते चौथी, खोली एक, टीचर एक. फळ्यावर मी तीन उभ्या रेघा मारते. डाव्या घरात पहिलीचं अक्षर, शेजारी दुसरीची बेरीज, मग तिसरीचा शुद्धलेखनाचा मजकूर, उजव्या टोकाला चौथीचा भागाकार. चारही घरं एकदम चालू असतात आणि ज्याची इयत्ता त्यानेच आपलं घर पुसायचं. टीव्हीला हे जमत नाही. त्याच्यावर चौथीचे अपूर्णांक लागले की पहिलीचा 'क' अर्ध्यावर राहतो आणि सगळी शाळा चौथीत जाते. व्हिडिओतली ताई स्वच्छ पुणेरी मराठीत पिझ्झाचे आठ तुकडे करते. पिझ्झा खायचा तर आमच्या पोरांना बस धरून वाळपईला जावं लागेल, पण अपूर्णांक कळले. पहिलीलासुद्धा थोडे कळले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी पावाचे तुकडे मोजून वाटणी चालली होती.

मीही भागाकार असाच शिकले, दुसरीत बसून चौथीच्या घरात डोकावत. आमची शाळा देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, भरायची. गोवा मुक्त झाला 1961 च्या डिसेंबरात, 1963 साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. इमारती मागाहून येत राहिल्या आणि आमच्या गावाचा नंबर बराच मागे होता. जत्रेला पाहुणे आले की ते अग्रशाळेत उतरायचे, म्हणून शाळेला सुट्टी. ही सोय आताच्या मुलांना नाही. फळा लाकडी, भिंतीला टेकवून ठेवलेला. त्याचा रंग उडाला की आम्हीच तो काळा करायचो. कोळसा आणि तोंडलीची पानं पाट्यावर वाटायची आणि तो लगदा फडक्याने चोळायचा. त्या दिवशी फळा कमी आणि आम्ही जास्त काळे व्हायचो. घरी आई काय म्हणायची ते सोडा.

मास्तर सावंतवाडीकडचे. त्यांनी पुसण्याचंही शास्त्र ठरवलेलं होतं. वरून खाली पुसायचं, आडवं कधीच नाही, कारण आडवं पुसलं की धूळ पहिल्या रांगेच्या नाकात जाते. हे खरं की नाही देव जाणे, पण माझ्यात ते इतकं मुरलंय की प्रशिक्षणाला गेले आणि समोरच्या तज्ज्ञांनी पांढरा फळा आडवा पुसला, की पुढचं मला ऐकू येत नाही. त्या पांढऱ्या फळ्यावर धूळ नसतेच हे मला कळतं. तरी नाही.

मी यंत्रांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. 2020 च्या जूनमध्ये अख्खी शाळा फोनमध्ये शिरली तेव्हा मीही शिरले. आमच्याकडे रेंज घरात नसते, डोंगरावर असते. मोठी भावंडं छत्री धरून धाकट्यांना वर न्यायची. फोन बहुतेक वडलांचा आणि वडील कामावर, त्यामुळे माझा वर्ग रात्री जेवणं झाल्यावर भरायचा. एकामागून एक पाढे येऊन पडत. मागे कोंबडा, कुकरची शिट्टी, आणि "सात सक" म्हणून पोर अडखळलं की हळूच आजीचा आवाज, "बेचाळीस". कितीतरी आज्यांची मी तेव्हा परीक्षा घेतली. सगळ्या पास.

पुस्तकातला तो काळापांढरा चौकोन फोनने टिपला की 'दीक्षा' या सरकारी अ‍ॅपवर धडा उघडतो, हे मुलांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एकाने शांतपणे विचारलं, "टीचर, हांगा कितले पयशे?" भाजीवालीकडे, पाववाल्या पोदेराकडे, सगळीकडे तो चौकोन पैशांसाठीच असतो, त्याचं काय चुकलं?

पावसाळ्यात तर दोन्ही विद्या थंड पडतात. तारांवर फांदी पडली की टीव्ही गप्प, आणि सर्दाळलेला खडू फळ्यावर उमटत नाही. मग मी तोंडाने शिकवते. टीव्हीवर जुन्या पडद्याचं झाकण घालून ठेवलंय, त्याला बुरशी लागू नये म्हणून. त्या पडद्यालाच लागली.

टीव्ही आला त्या दिवशी एक आजोबा मुद्दाम बघायला आले होते. जाताना म्हणाले, "आतां भुरगीं वाडटलीं, टीचर." शाळेत मुलं वाढतील, असं मलाही तेव्हा वाटलं. 2011 साली इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं सरकारने ठरवलं, तेव्हापासून आपल्या शाळा कशा ओस पडत चालल्या यावर सभांमधून पुष्कळ बोलून झालंय. मी पालकांना दोष देत नाही. सकाळी फाट्यावर पिवळी बस थांबते, पोराच्या गळ्यात टाय असतो, बापाला बरं वाटतं. माझ्या भाचीची मुलंही त्याच बसने जातात आणि चतुर्थीला घरी आली की आरतीचं पुस्तक अडखळत वाचतात.

आमच्या पटावर यंदा अकरा नावं. तिसरीत एकच मुलगा. तिसरीचं घर पुसायची पाळी त्यामुळे रोज त्याचीच, भांडण नाही, फ्रॉक ओढणं नाही. जूनमध्ये फार खूश होता. काल डस्टर पुढे केला तर हात मागे घेऊन म्हणाला, "टीचर, आज दुसऱ्या कोणाक तरी दियात."

चौथीतल्या दोघी लगेच उठल्या.